बारावीनंतर कोणती शाखा घेऊ? नोकरीच्या काळजीतून येणारे नेहमीचे प्रश्न

मी तालुक्याच्या गावी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. निकाल लागला की जून ते ऑगस्ट रोज दुपारी लॅबमध्ये मुलांचे आणि पालकांचे फॉर्म भरून द्यायला बसते. फोनवर, व्हॉट्सॲपवर आणि समोर बसून तेच तेच प्रश्न येतात, म्हणून ते इथे एकत्र लिहिले आहेत. प्रवेशाचे नियम दरवर्षी थोडेफार बदलतात. फॉर्म भरण्याआधी राज्याच्या सीईटी सेलची (प्रवेश परीक्षा आणि प्रवेश फेऱ्या घेणारं सरकारी कार्यालय) त्या वर्षाची माहितीपुस्तिका स्वतः वाचाच.

१. मॅडम, सध्या सगळ्यात जास्त स्कोप कशाला आहे?

हे विचारताना आपल्या डोळ्यांसमोर त्या शाखेत पहिला आलेला मुलगा असतो. पेपरात त्याचाच फोटो येतो. मी मुलांना वेगळा प्रश्न विचारायला सांगते: त्या कॉलेजात, त्या शाखेत, साठ जणांच्या वर्गातला तिसाव्या नंबरचा मुलगा पास झाल्यावर सहा महिन्यांनी काय करतोय? आपल्यातले बहुतेक जण त्या तिसाव्याच्या आसपास असणार आहेत. तो कामाला लागला असेल, तर त्या शाखेत तुम्हाला स्कोप आहे. तो घरी बसून पुन्हा कसला तरी क्लास लावत असेल, तर पहिल्या आलेल्याच्या पॅकेजचा तुम्हाला काही उपयोग नाही.

हे शोधणं अवघड नाही. तुमच्याच गावातली, तुमच्याच शाळेतली दोन-तीन वर्षं पुढची मुलं गाठा. त्यांना पगार विचारू नका, ते लाजतात. दिवसभर काय काम करता, ते विचारा. खालच्या जवळजवळ सगळ्या उत्तरांत मी हाच ‘तिसावा’ धरला आहे.

२. कॉलेजवाले शंभर टक्के प्लेसमेंट म्हणतात. किती खरं मानायचं?

मागे एका पालकांनी कॉलेजच्या गेटवरच्या फ्लेक्सचा फोटो पाठवला होता. मी तो मोठा करून एकेक चेहरा पाहत गेले. एकच मुलगी तीन ठिकाणी होती, कारण तिला तीन कंपन्यांच्या ऑफर होत्या. दोन मुलं अशी होती, ज्यांना मी ओळखत होते आणि ती आदल्या वर्षी पास झालेली होती. ऑफर किती आणि मुलं किती हे दोन वेगळे आकडे आहेत. फ्लेक्सवर बहुतेक वेळा पहिलाच असतो.

कॉलेजात गेलात की चार गोष्टी विचारा. त्या शाखेची मुलं किती होती? कॅम्पसला बसायला पात्र किती ठरली? (अनेक कंपन्या दहावी, बारावी आणि पदवी तिन्हीकडे साठ टक्के मागतात आणि चालू बॅकलॉग (नापास राहिलेला विषय) चालवून घेत नाहीत. पात्र नसलेली मुलं टक्केवारीतून गाळली, की ‘शंभर टक्के’ होतं.) प्रत्यक्ष रुजू किती झाली? आणि मधला पगार, म्हणजे सगळे पगार ओळीने लावले की बरोबर मधे येणारा, किती? सरासरी घेऊ नका. एका मुलाला मोठं पॅकेज मिळालं की सरासरी फुगते, मधला आकडा जागचा हलत नाही.

ज्या कॉलेजांनी केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीसाठी माहिती भरलेली असते, त्यांच्या वेबसाइटवर ती पीडीएफमध्ये ठेवलेली असते. त्यात किती मुलं पास झाली, किती नोकरीला लागली, किती पुढे शिकायला गेली आणि मधला पगार किती, हे वर्षवार दिलेलं असतं. दहा मिनिटांचं काम आहे. लाखो रुपये भरण्याआधी ही दहा मिनिटं काढाच.

३. चांगलं कॉलेज घ्यायचं की हवी ती शाखा?

पुण्याचं सीओईपी (१८५४), मुंबईचं व्हीजेटीआय (१८८७), सांगलीचं वालचंद (१९४७), नांदेडचं एसजीजीएस (१९८१) अशा जुन्या सरकारी किंवा अनुदानित कॉलेजात सीट मिळत असेल, तर शाखेचा हट्ट थोडा सोडायला हरकत नाही. तिथे कंपन्या सगळ्याच शाखांसाठी येतात, वर्षानुवर्षांचे माजी विद्यार्थी असतात आणि फी बहुतेक खासगी कॉलेजांपेक्षा कमी असते. मधल्या फळीतल्या खासगी कॉलेजांमध्ये मात्र शाखा महत्त्वाची. आणि ज्या कॉलेजात जागा रिकाम्याच राहतात, तिथे कोणतीही शाखा घेण्याआधी प्रश्न ७ आणि ९ वाचा.

याला एक अपवाद आहे. एखादा विषय तुम्हाला खरोखर झेपतच नसेल, तर मोठ्या कॉलेजच्या नावाखातर तो घेऊ नका. केटी, म्हणजे अडकलेले विषय, साचत गेल्या की मुलगा कॅम्पसला अपात्र ठरतो आणि मग कॉलेजचं नाव कामी येत नाही.

आणि कॉलेज-शाखांचे पसंतीक्रम भरायच्या ऑप्शन फॉर्ममधली एक चूक दरवर्षी होते. पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला की सीट आपोआप फ्रीज, म्हणजे पक्की होते आणि पुढच्या फेऱ्या बंद होतात. मित्रांनी टाकलं म्हणून, कट-ऑफ बघून ‘मिळेल ते’ म्हणून पहिला पर्याय भरू नका. खरोखर सगळ्यात जास्त हवं असेल तेच वर ठेवा, मग ते मिळण्याची शक्यता कितीही कमी असो.

४. सगळे कॉम्प्युटर घेतायत. पण एआय आल्यावर त्याला अर्थ राहील का?

२०२४-२५ पासून तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद एआयसीटीईने चांगल्या कॉलेजांवरची जागांची कमाल मर्यादा काढली. त्यानंतर बऱ्याच कॉलेजांनी कॉम्प्युटरच्या तुकड्या वाढवल्या. त्या वर्षी आत गेलेली मुलं २०२८ मध्ये बाहेर पडतील. त्यामुळे नुसती कॉम्प्युटरची पदवी हातात असलेल्यांची गर्दी वाढणार, हे धरून चाला. सोपं, ठरावीक साच्याचं कोडिंग मशीन करू लागलं आहे, हेही खरं आहे. फ्रेशरला आधी तेच काम दिलं जायचं.

म्हणून मी मुलांना एक छोटी परीक्षा देते. सुट्टीत पायथन शिकायला घ्या, दोन आठवडे. प्रोग्राम चालला नाही म्हणून रात्री जागून चूक शोधावीशी वाटली, तर बेलाशक कॉम्प्युटर घ्या. अशा मुलाला काम मिळत राहील. चार दिवसांत कंटाळा आला, तर ‘सगळे घेतायत’ हे कारण चार वर्षं पुरत नाही.

शाखेच्या नावांबद्दल: कॉम्प्युटर, आयटी, एआय अँड डेटा सायन्स, सायबर सिक्युरिटी यांची पहिली दोन वर्षं बरीचशी सारखीच असतात. खासगी कंपन्या नावात फारसा फरक करत नाहीत. सरकारी भरतीत मात्र जाहिरातीत पात्र शाखांची नावं छापलेली असतात आणि नव्या नावाच्या पदवीला समकक्षतेची कटकट होऊ शकते. सरकारी नोकरी डोक्यात असेल, तर जुन्या, सरळ नावाची शाखा बरी.

५. मेकॅनिकल, सिव्हिल, इलेक्ट्रिकलचे दिवस गेले का?

नाही. या प्रश्नावर मी वाद घालायला तयार असते. सुरुवातीचा पगार आयटीपेक्षा कमी असतो, पहिली दोन-तीन वर्षं अंगमेहनतीची असतात, हे मान्य. पण चाकण, रांजणगाव, शेंद्रा, अंबड इथले कारखाने चालवायला माणसं लागतातच. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला, मेट्रोची कामं चालू आहेत, वाढवण बंदराचं भूमिपूजन २०२४ मध्ये झालं. सिव्हिलचं काम संपलेलं नाही.

अडचण वेगळीकडे आहे. माझा एक विद्यार्थी सिव्हिल करून साइटवर गेला, तेव्हा त्याला टोटल स्टेशन हे मोजणीचं यंत्र ट्रायपॉडवर लेव्हल करून बसवता येत नव्हतं. कॉलेजात एकच यंत्र, वीस जणांचा गट, हात लावायला मिळाला तो एकदाच. पहिले दोन महिने तो सर्व्हेअरच्या मागे यंत्राची पेटी घेऊन फिरला आणि शिकला. आज बिलिंग बघतो: काँक्रीट किती घनमीटर, सळई किती टन, ठेकेदाराचं बिल किती. नोकरी टिकली ती त्या मोजमापाच्या वहीमुळे. म्हणून अशा कोअर, म्हणजे मूळ शाखा घेणाऱ्यांनी कॉलेजची लॅब बघून यावी. यंत्रांवर धूळ आहे की हाताळल्याच्या खुणा आहेत, तेवढं बघितलं तरी पुष्कळ कळतं.

इलेक्ट्रिकलला महावितरण, महापारेषण, महानिर्मिती यांच्या भरतीचा आधार आहे, शिवाय सोलरची कामं गावोगावी आली आहेत.

६. पर्सेंटाइल कमी आलं. मॅनेजमेंट कोट्यातून घेऊ का? आणि फी माफी कुणाला मिळते?

आधी फीचं बघा, कारण निर्णय तिथेच फिरतो.

२०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ आहे. टीएफडब्ल्यूएस या योजनेत प्रत्येक शाखेत पाच टक्के जादा जागा असतात. मुलगा असो वा मुलगी, उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर शिकवणी फी माफ. मात्र त्या सीटवर पुढे कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीत निम्मी शिकवणी फी मिळते. अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर करायचे.

यातलं बहुतेक सगळं कॅप, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून घेतलेल्या प्रवेशालाच लागू आहे. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात की सवलत गेली. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे असे पालक आले, ज्यांनी घाईने जूनमध्येच मॅनेजमेंटला पैसे भरले आणि मुलीला तीच शाखा, शेजारच्या कॉलेजात, तिसऱ्या फेरीत फुकट मिळत होती. त्यांतल्या एकीची आई माझ्यासमोर टेबलावर पावती ठेवून गप्प बसली होती. शेवटच्या फेरीपर्यंत थांबा. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रीमिलेअर आणि जात पडताळणी ही कागदपत्रं मात्र निकालाची वाट न बघता आधीच काढून ठेवा.

कर्ज काढून किंवा जमीन विकून मॅनेजमेंट सीट घ्यायची असेल, तर माझं उत्तर ‘घेऊ नका’ हेच आहे.

७. साधं बीएस्सी केलं तर नोकरी मिळते का? लोक हसतात.

मिळते, पण विषय आणि हातातलं काम बघून.

केमिस्ट्री घ्या. तारापूर, कुरकुंभ, लोटे-परशुराम, महाड इथल्या रासायनिक आणि औषध कारखान्यांच्या क्यूसी (गुणवत्ता तपासणी) लॅबमध्ये बीएस्सी-एमएस्सीची मुलं लागतात. तिथे मुलाखतीत व्याख्या विचारत नाहीत. एचपीएलसी या पृथक्करण यंत्राचा मोबाइल फेज (त्यातून सोडायचं द्रावण) कसा बनवलास, गाळलास का, हवेचे बुडबुडे कसे काढलेस, असं विचारतात. ज्याने ते यंत्र एकदा तरी चालवलंय, त्याचा चेहराच वेगळा दिसतो.

स्टॅटिस्टिक्स हा माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित चांगला विषय आहे. डेटाची कामं, विमा, बँका, औषधांच्या चाचण्या सगळीकडे तो लागतो. यूपीएससीची भारतीय सांख्यिकी सेवा या पदवीधरांसाठीच आहे. गणित आवडतं पण इंजिनिअरिंग नको, अशा मुलांनी याचा विचार आधी करावा.

झूलॉजी-बॉटनीत मात्र बीएस्सीवर थांबून चालत नाही. एमएस्सी, बीएड किंवा स्पर्धा परीक्षा यांपैकी काय, हे प्रवेश घेतानाच ठरवा. संशोधनाची ओढ असेल, तर पुण्याचं आयसर आणि मुंबईचं सीईबीएस या विज्ञान संस्थांच्या वेगळ्या प्रवेश परीक्षा असतात. त्यांचे फॉर्म बारावीच्या वर्षातच निघतात.

८. नव्या शैक्षणिक धोरणात मेजर-मायनर आलंय. ते कसं निवडायचं?

राज्यातल्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून नवी रचना आली. मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे जोडविषय. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स. चार वर्षं केलेल्यांना पुढची एमए-एमएस्सी एका वर्षात करता येते.

मेजर आवडीचा ठेवा, मायनर कामाचा. इकॉनॉमिक्सला स्टॅटिस्टिक्स, मानसशास्त्राला समाजशास्त्र अशा जोड्या चांगल्या. कॉलेज काय उपलब्ध करून देतं यावर ते अवलंबून आहे. रचनेत ऑन जॉब ट्रेनिंगही आहे. बरीच मुलं ओळखीच्या दुकानातून सही-शिक्का आणून ते उरकतात. असं करू नका. गावातल्या पतसंस्थेत, दवाखान्यात, कारखान्यात खरोखर जाऊन बसा.

९. बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स आणि इंजिनिअरिंग यांत काय फरक पडतो?

वर्षं आणि पैसे. बीसीए-बीएस्सी तीन वर्षांत, इंजिनिअरिंग चार वर्षांत. बीसीए, बीबीए, बीएमएस हे २०२४ पासून एआयसीटीईच्या कक्षेत आले आणि त्यांना सीईटी लागू झाली. अनेक मुलांना हे जूनमध्ये कळतं, तोवर फॉर्मची तारीख गेलेली असते.

ज्या इंजिनिअरिंग कॉलेजात तिसाव्या नंबरचा मुलगा घरी बसतोय, तिथे चार वर्षं घालवण्यापेक्षा चांगल्या जुन्या कॉलेजातून बीएस्सी आणि मग एमसीए हा रस्ता स्वस्त आणि भक्कम आहे.

१०. नीटला मार्क कमी पडले. आता काय?

एमबीबीएस-बीडीएस सोडूनही दवाखाना चालवणारी माणसं असतात. बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं, राज्यात त्याची वेगळी सीईटी असते. जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा तीन वर्षांचा. नर्सिंगइतकी खात्रीची मागणी मला दुसऱ्या कुठल्याच शाखेत दिसत नाही, आणि तरीही पालक नाक मुरडतात याचं मला वाईट वाटतं. परदेशाचा रस्ताही आहे. २०२४ मध्ये राज्य सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केला. पण तिथे परिचारिका म्हणून काम करायला जर्मन भाषा बी-टू पातळीपर्यंत यावी लागते. एजंट हे शेवटी सांगतात, तुम्ही पहिल्यांदा विचारा.

फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, लॅब टेक्नॉलॉजी, ऑप्टोमेट्री हे पर्यायही बघा. प्रवेश घेण्याआधी त्या संस्थेला संबंधित परिषदेची मान्यता आहे का, हे परिषदेच्या वेबसाइटवर तपासा. मान्यता नसेल तर नोंदणी होत नाही, आणि नोंदणीशिवाय ती पदवी भिंतीवरच राहते.

प्राण्यांची आवड असेल, तर नागपूरच्या पशुविज्ञान विद्यापीठाची पदवी नक्की विचारात घ्या. प्रवेश नीटवरच होतात.

११. कॉमर्स घेतलं. सीए झेपेल का, नाहीतर नुसतं बीकॉम?

सीएच्या आर्टिकलशिपचा, म्हणजे सीएच्या हाताखालच्या उमेदवारीचा काळ नव्या योजनेत दोन वर्षांचा झाला आहे आणि परीक्षाही आता वर्षातून तीनदा होतात. पण किती वेळा बसायचं, हे घरच्यांसोबत आधीच ठरवा. बीकॉम सोबत चालू ठेवा. पदवीला कॉमर्समध्ये ५५ टक्के (इतर शाखांत ६०) असतील, तर फाउंडेशन न देता थेट इंटरला नाव घालता येतं.

नुसत्या बीकॉमवाल्याने जीएसटी रिटर्न, टीडीएस आणि एक्सेल या तीन गोष्टी सीएच्या ऑफिसात बसून शिकाव्यात. जुलैपासून तिथे रिटर्न भरण्याची झुंबड असते. त्या हंगामात बिनपगारी का होईना बसलेल्या मुलाला पुढच्या वर्षी पगार मिळतो, हे मी दोन-तीनदा बघितलं आहे.

१२. आर्ट्सला खरंच काही नाही का?

भाषा घ्या. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आणि मॅक्स म्युलर भवनात मुलं पदवीसोबत जर्मन शिकतात. जपानी भाषेची जेएलपीटी परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये होते, एन-फाइव्हपासून एन-वनपर्यंत पायऱ्या आहेत. पहिल्या दोन पायऱ्यांवर नोकरी मिळत नाही, वर चढावं लागतं.

मानसशास्त्राकडे मुलींचा ओढा आहे. बीएवर समुपदेशक होता येत नाही, एमए लागतं. आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायला भारतीय पुनर्वास परिषदेची (आरसीआय) नोंदणी लागते. एवढी वर्षं द्यायची तयारी असेल तरच घ्या. कायद्यासाठी पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहेच.

१३. एमपीएससी करायची आहे. मग पदवी कोणतीही चालेल ना?

राज्यसेवेला कोणतीही चालते. म्हणूनच ती अशी निवडा, जिला स्वतःच्या वेगळ्या जागाही आहेत. सिव्हिलवाल्यांना स्थापत्य सेवा, मेकॅनिकल-ऑटोमोबाइलवाल्यांना सहायक मोटार वाहन निरीक्षक, कृषी पदवीधरांना कृषी सेवा आणि बँकांमधली कृषी अधिकाऱ्याची पदं, पशुवैद्यकांना पशुधन विकास अधिकारी. राज्यसेवेच्या मोजक्या जागांसाठी लाखाने अर्ज येतात, तेव्हा हा दुसरा दरवाजा लागतो.

कृषीसाठी राहुरी, अकोला, परभणी, दापोली ही चार विद्यापीठं आहेत. त्यांच्या स्वतःच्या कॉलेजात मिळालं तर आनंदाने घ्या. संलग्न खासगी कॉलेजात प्रक्षेत्र, म्हणजे खरी शेती, किती एकर आहे ते बघून मगच फी भरा.

१४. दोन पदव्या एकदम करता येतात का?

येतात. यूजीसीने २०२२ पासून परवानगी दिली आहे. एक नियमित आणि दुसरी ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाची, किंवा वर्गांच्या वेळा एकमेकींवर येत नसतील तर दोन्ही नियमित. आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची ऑनलाइन बीएस पदवी जेईई न देता, त्यांचीच पात्रता परीक्षा देऊन करता येते. बीएस्सीसोबत ती करणारी मुलं मी बघितली आहेत. पण रोजचा बसचा प्रवास दोन तासांचा असेल तर ओढाताण होते, आणि पहिल्याच पदवीत केटी लागली तर दुसरी थांबवा.

१५. चुकीच्या शाखेत आलोय, दुसऱ्या वर्षाला आहे. सोडू का?

नापास होत असाल तर आणि पास होत असूनही मन लागत नसेल तर, ही दोन उत्तरं वेगळी आहेत.

पास होताय पण आवड नाही, तर पदवी पुरी करा. पुढे वळायला वाटा आहेत. एमबीएला कोणतीही पदवी चालते. बारावीला किंवा पदवीला गणित असेल तर एमसीए करता येतं. एमटेकसाठीची गेट परीक्षा दुसऱ्या शाखेच्या पेपरनेही देता येते, प्रवेश मात्र त्या त्या संस्थेच्या नियमाने मिळतो.

दुसऱ्या वर्षी सहा-सात विषय अडकलेले असतील आणि घरी अजून सांगितलेलं नसेल, तर आज सांगा. फोनवर नको, सुट्टीत घरी जाऊन, गुणपत्रिका हातात देऊन सांगा. हवं असेल तर आई-वडिलांना घेऊन माझ्याकडे या. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची पदवी नोकरीला आणि स्पर्धा परीक्षेला चालते, बीएस्सीला नव्याने प्रवेश मिळतो, आयटीआयचा एक-दोन वर्षांचा ट्रेड करून कामाला लागता येतं. एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी गेलेली दोन वर्षं भरून निघतात.

१६. मुलगी सिव्हिल किंवा मेकॅनिकल मागतेय. साइटवर, कारखान्यात कसं जमणार?

तिने मागितलंय ना? मग द्या. राज्याच्या सरकारी भरतीत महिलांसाठी ३० टक्के समांतर आरक्षण आहे आणि या शाखांत मुली कमी असल्याने तिथे स्पर्धाही तुलनेने कमी. डिझाइन, क्वालिटी, प्लॅनिंग ही कामंही त्याच पदवीतून मिळतात. खासगी कंपनीत पाठवताना शिफ्ट, ने-आण करणारी बस आणि राहण्याची सोय एवढं विचारून घ्या. फीसाठी प्रश्न ६ पाहा, कदाचित तिची फी लागणारही नाही.